ब्रेस्ट रिडक्शनचा क्लेम ‘कॉस्मेटिक’ म्हणून नाकारला. पुण्यात कुणाला मिळालाय का?

रानजाई
११ जून २०२४

दोन महिने लिहू की नको करत होते. परवा टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेचं, उत्तर आलं आणि आता विचारायलाच हवं असं वाटलं.

मी ३४ वर्षांची, राहायला सिंहगड रोडला, नोकरी हिंजवडीत. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. नववीत असल्यापासून माझी छाती अंगाच्या मानाने फार मोठी आहे. शाळेत खो-खो खेळायचे, ते दहावीत सोडलं. कॉलेजात पोहणं सोडलं. आता मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग दुखला नाही असा दिवस आठवत नाही. ब्राच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर खाचा पडल्यात, करंगळी आडवी ठेवली तर त्यात बसते. एप्रिल-मेमध्ये स्तनांखालच्या घडीत घाम साचून कातडी सोलवटते, मग बुरशी धरते, वास येतो. मी सुती हातरुमालाची घडी तिथे ठेवते आणि ऑफिसात दुपारी बाथरूममध्ये जाऊन ती बदलते. पर्समध्ये दुसरा रुमाल आहे ना, हे घरातून निघताना दोनदा बघते. नवऱ्याशिवाय हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये एका प्लास्टिक सर्जनना दाखवलं. त्यांनी तपासून सरळ सांगितलं की याला मॅक्रोमास्टिया म्हणतात, व्यायामाने किंवा मलमाने हे जाणार नाही, शस्त्रक्रिया करावी लागेल. खर्च साधारण २ लाख १० हजार. माझी पॉलिसी बाबांनी २०१६ मध्ये काढून दिलेली आहे, ५ लाखांची, एकही हप्ता चुकलेला नाही. हॉस्पिटलने कॅशलेससाठी प्री-ऑथ, म्हणजे आधीच मंजुरी मागणारा अर्ज, पाठवलं. उत्तर एका ओळीचं आलं: कॉस्मेटिक प्रक्रिया, एक्सक्लुजन (विम्यातून वगळलेल्या खर्चाचं कलम) ०८ प्रमाणे देय नाही.

सुंदर दिसण्यासाठी मी हे करत नाहीये हो. क्लेम मिळालेली कुणी आहे का? कोणते कागद लागले? की बचतीतून करून विषय संपवू?

चाफेकळी
११ जून २०२४

रानजाई, हातरुमालाचं वाचून पोटात तुटलं. माझंही अगदी हेच. मी २०१९ मध्ये विचारलं होतं, एजंटने फोनवरच सांगितलं की ‘मॅडम, हे बसत नाही’, आणि मी फाइल बंद केली. तेव्हा लेखी विचारायला हवं होतं हे आता कळतंय. वाचत राहते.

गोदाकाठ
१२ जून २०२४

मी अकरा वर्षं एका टीपीएत क्लेम तपासायचं काम केलं, आता सोडलंय. टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं ते सांगते.

एक्सक्लुजन ०८ म्हणजे विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेली भाषा. २०१९ मध्ये त्यांनी सगळ्या कंपन्यांच्या नकारांची वाक्यं एकसारखी केली आणि १ ऑक्टोबर २०२० पासून ती चालू पॉलिसींनाही लागू झाली. त्यामुळे तुमची कंपनी कुठलीही असो, हे कलम बहुधा शब्दशः तेच असणार. मूळ इंग्रजी वाक्य पूर्ण वाचा. पहिला अर्धा भाग म्हणतो की कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी, रूप बदलण्यासाठीचे उपचार यांचा खर्च मिळणार नाही. पुढे ‘मात्र’ आहे. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना असेल तर मिळेल, आणि आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार असतील तरीही मिळेल. ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलेली हवी. तुमची सगळी लढाई या ‘मात्र’नंतरच्या भागात आहे.

प्री-ऑथ बघणाऱ्या डॉक्टरपुढे दिवसाला ढीगभर केसेस असतात. विभाग प्लास्टिक सर्जरी, प्रक्रियेचं नाव रिडक्शन मॅमोप्लास्टी, सोबत एक अंदाजपत्रक. एवढंच दिसलं की हात आपोआप ‘नाकारा’कडे जातो. मीही असे नाकारलेत, आणि त्यातल्या काहींचं आज वाईट वाटतं. सोबत आजाराचा इतिहास जोडलेला असेल तर तो वाचावा लागतो.

दुसरं, प्री-ऑथ नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे. कॅशलेस मिळालं नाही तरी शस्त्रक्रिया करून नंतर रिइम्बर्समेंट मागता येते. आणि नुकतंच, २९ मे २०२४ ला, आयआरडीएआयचं मास्टर सर्क्युलर आलंय. त्यानुसार कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मान्यता घेतल्याशिवाय क्लेम नाकारता येत नाही, आणि नाकारताना कोणत्या अटीमुळे ते कारणासह लिहावं लागतं.

तुमचे जुने केसपेपर काढा. त्यात हे दुखणं कुठे कुठे नोंदलंय?

रानजाई
१५ जून २०२४

गोदाकाठ, तुमचा प्रश्न वाचून काल रात्री फाइल काढली. २०१७ पासूनचे सात कागद मिळाले. सातही आमच्या फॅमिली डॉक्टरांचे किंवा हाडांच्या डॉक्टरांचे. सातही ठिकाणी पाठदुखी, मानदुखी. तीन ठिकाणी पुढे ‘बैठं काम’. एके ठिकाणी ‘ताण’.

स्तनांचा शब्द एकाही कागदावर नाही. डॉक्टरांची चूक म्हणता येणार नाही, मीच कधी सांगितलं नाही. ओढणी नीट करून स्टुलावर बसायचे आणि ‘पाठ दुखते’ म्हणायचे. शिंपिणीला सगळं माहीत होतं, तुळशीबागेतल्या दुकानातल्या काकूंना माहीत होतं, डॉक्टरांना नाही.

आता काय करू?

सरळकणा
१५ जून २०२४

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोथरूडला. तुमच्यासारख्या बायका माझ्याकडे ‘मानदुखी’ म्हणून येतात आणि चौथ्या-पाचव्या सेशनला खरं बोलतात.

जुने कागद बदलता येत नाहीत, बदलूही नका. तारीख मागे टाकून कुणी काही लिहून देत असेल तर नको म्हणा, त्याने खरा क्लेमही बुडतो. पण आजपासून खरं सांगायला सुरुवात करा. फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन सगळं बोला. ते आजच्या तारखेला लिहू शकतात की रुग्णाला अमुक वर्षांपासून त्रास आहे, आधीच्या भेटींमध्ये पाठदुखीची नोंद आहे आणि तपासणीत कारण हे दिसतं. ते खरं आहे आणि खरंच लिहिलं जाईल.

मग हाडांच्या डॉक्टरांकडून मानेची आणि पाठीची तपासणी. करंगळीला मुंग्या येतात का? पट्ट्यांचा दाब आणि पुढे ओढलेले खांदे यांनी मज्जातंतूवर ताण येऊन अनेकींना येतात. येत असतील तर तेही नोंदवून घ्या. त्वचेच्या डॉक्टरांना पुरळ असताना दाखवा. फिजिओथेरपी किमान बारा आठवडे करा, प्रत्येक सेशनची नोंद ठेवा. मी माझ्याच व्यवसायाबद्दल सांगते, व्यायामाने स्नायू बळकट होतात, थोडा आराम पडतो, पण पुढे लटकलेलं वजन आहे तिथेच राहतं. हे बारा आठवड्यांच्या नोंदींतून दिसलं की ‘आधी साधे उपाय करून बघितले का’ या प्रश्नाला उत्तर मिळतं.

रोज रात्री एका वहीत लिहा: कुठे दुखलं, दहापैकी किती, कोणतं काम करता आलं नाही, कोणती गोळी घेतली.

चिंचवडचा
१६ जून २०२४

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. विम्याचा पैसा सगळ्या हप्ते भरणाऱ्यांचा असतो. उद्या प्रत्येक जण अशी सर्टिफिकेटं आणू लागला तर हप्ते वाढतील. आणि आधी वजन कमी करून बघायला नको का? माझ्या बहिणीला डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं.

रानजाई
१६ जून २०२४

दादा, राग नाही. २०२१ मध्ये मी ७३ वरून ६४ वर आले. नऊ किलो. रोज पहाटे पर्वती चढायचे, दोन स्पोर्ट्स ब्रा एकावर एक घालून. ब्लाउज शिवायला टाकला तेव्हा कमरेचा घेर कमी झाला, दंड कमी झाले, छातीचं माप अर्धा इंच हललं. स्तनांत चरबी असते तशा ग्रंथीही असतात. कुणात काय जास्त ते प्रत्येकीचं वेगळं. माझ्या सोनोग्राफीत ग्रंथीच जास्त दिसल्या.

हप्त्यांचं म्हणाल तर मी आठ वर्षं भरतेय, त्यातून इतरांचे गुडघे आणि मोतीबिंदू झाले, आणि व्हायलाच हवेत. माझं दुखणं त्या रांगेत बसत नाही असं का वाटतं, एवढंच विचारते.

हडपसरवाली
१६ जून २०२४

रानजाई, अगदी बरोबर बोललीस.

चिंचवडचा, तुमच्या बहिणीचं पुढे काय झालं? वजन कमी करून दुखणं गेलं का?

चिंचवडचा
१७ जून २०२४

काल तिला फोन केला. दुखणं गेलेलं नाही. मी याआधी कधी विचारलंच नव्हतं. हा धागा तिला पाठवला आहे.

पासायिककाठ
१८ जून २०२४

मी न्यू जर्सीत असते, माहेर शनिवार पेठेतलं. माझी इथे २०१८ मध्ये झाली, विम्यातून. इथली पद्धत सांगते, तिथे तशीच लागू नाही हे लक्षात ठेवून वाचा.

इथे बऱ्याच कंपन्या ‘श्नूर स्केल’ बघतात. श्नूर नावाच्या प्लास्टिक सर्जनांनी सहकाऱ्यांसह १९९१ मध्ये ते मांडलं. उंची आणि वजनावरून शरीराचं पृष्ठफळ काढायचं, आणि त्या पृष्ठफळाला एका बाजूने किमान किती ग्रॅम काढणार असाल तर शस्त्रक्रिया वैद्यकीय कारणासाठी मानायची याचा तक्ता आहे. १.५० चौरस मीटरला २६० ग्रॅम, १.६५ ला ३३८, १.८० ला ४४१. काही कंपन्या सरसकट ५०० ग्रॅम मागतात, ते बुटक्या बाईवर अन्यायाचं होतं. याशिवाय मान-पाठदुखी, खाचा, पुरळ यांच्या नोंदी आणि फोटो लागतातच. मला पहिल्यांदा नकार आला होता, अपील केल्यावर मिळालं. कॅन्सरमुळे स्तन काढावा लागला तर पुनर्रचना आणि दुसऱ्या बाजूचा समतोल साधण्याची शस्त्रक्रिया विम्यात धरलीच पाहिजे, असा १९९८ चा कायदा इथे आहे. नुसत्या रिडक्शनला तसा आधार नाही, म्हणून कागदांवरच सगळं चालतं.

रानजाई, १५६ आणि ६४ म्हणजे तुझं पृष्ठफळ १.६७ च्या आसपास येतं. सर्जनना विचार, ते प्रत्येक बाजूने किती काढतील असा अंदाज आहे? तो आकडा शस्त्रक्रियेआधी कागदावर येऊ दे.

गोदाकाठ
१८ जून २०२४

चांगली सूचना. आपल्याकडच्या कलमात ग्रॅमची अट कुठेही नाही, त्यामुळे हा तक्ता कुणावर बंधनकारक नाही. पण ‘थोडंसं सुबक करून घेतलंय’ या शंकेला आकड्याने उत्तर मिळतं. निदानासमोर आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीतला, कोडही लिहून घ्या, एन ६२, स्तनांची अतिवाढ. लठ्ठपणाचा कोड चुकूनही लागू देऊ नका, त्याचं एक्सक्लुजन वेगळं आहे, ०६ नंबरचं, आणि त्यात बीएमआयच्या अटी आहेत. तुमचा बीएमआय २६ च्या थोडा वर येतो, म्हणजे तो मुद्दा यायलाच नको.

आणि हो, या पॉलिसीवर याआधी कधी क्लेम घेतलाय का? कशासाठीही.

रानजाई
१९ जून २०२४

एकदाच. मे २०२३ मध्ये उजव्या स्तनाखाली कातडी चिरली, तिथून संसर्ग आत गेला. ताप १०३, छाती लाल आणि गरम. धायरीच्या नर्सिंग होममध्ये दोन दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक्स. सेल्युलायटिस म्हणाले. १८ हजार कॅशलेस मिळाले होते. त्याचा इथे काही संबंध?

गोदाकाठ
१९ जून २०२४

अहो, हाच तर संबंध! तुमच्या कंपनीने स्वतः पैसे देऊन मान्य केलंय की स्तनाखालच्या घडीमुळे तुम्हाला ॲडमिट व्हावं लागलं. ‘थेट व तातडीचा धोका’ म्हणजे काय हे त्यांच्याच फाइलमध्ये पडलंय. त्या ॲडमिशनची डिस्चार्ज समरी आणि क्लेम मंजुरीचं पत्र आजच शोधा. समरीत जागा स्पष्ट लिहिली आहे का ते बघा.

रानजाई
१९ जून २०२४

लिहिलीय. उजव्या स्तनाखालची घडी. हात थरथरतायत टाइप करताना.

नारायणपेठी आजी
२३ जून २०२४

मी ६३ वर्षांची. मुलीने हा धागा वाचायला दिला. माझा डावा स्तन २०१५ मध्ये कॅन्सरमुळे काढला. उजवा जड, डावीकडे काही नाही, त्यामुळे चालताना अंग एका बाजूला जायचं. दोन वर्षांनी डावीकडे पुनर्रचना केली आणि त्याच वेळी उजवा लहान केला. डावीकडचे पैसे विम्याने लगेच दिले, उजवीकडचे अडवले. सर्जनबाईंनी लिहून दिलं की ही एकच शस्त्रक्रिया आहे, दोन्हींचा समतोल हा पुनर्रचनेचाच भाग, तेव्हा दिले. एका कागदावर एक वाक्य. ते आधीच लिहिलं असतं तर चार महिने वाचले असते.

चाळिशीनंतरच्या बायकांनी शस्त्रक्रियेआधी मॅमोग्राफी करूनच घ्यावी. आणि काढलेला भाग पॅथॉलॉजीला जातोच, तो रिपोर्ट जपून ठेवावा.

आमच्या वेळी पदर होता, त्याखाली सगळं झाकलं जायचं, दुखणंसुद्धा. तू लिहिलंस ते बरं केलंस बाळ.

रानजाई
२८ सप्टेंबर २०२४

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. १२ सप्टेंबरला शस्त्रक्रिया झाली. त्याआधी फिजिओच्या पूर्ण बारा आठवड्यांच्या नोंदी, त्वचेच्या डॉक्टरांच्या तीन भेटी, हाडांच्या डॉक्टरांचं पत्र आणि सर्जनचं दोन पानी प्रमाणपत्र जमवलं. प्रमाणपत्रात मे २०२३ च्या ॲडमिशनचा तारखेसह उल्लेख आहे, आणि ‘असा संसर्ग पुन्हा होण्याचा धोका घडी आहे तोवर कायम राहील’ हे वाक्य आहे. सर्जनना मी काय लिहायचं ते सांगितलं नाही. कलमाची प्रत आणि जुनी समरी समोर ठेवून विचारलं, ‘वैद्यकीयदृष्ट्या यातलं काय खरं आहे तेवढं लिहा.’ दुसऱ्यांदा पाठवलेलं प्री-ऑथही नाकारलं गेलं, म्हणून पैसे भरून केली.

साडेतीन तास चालली. जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंना ड्रेनच्या नळ्या होत्या आणि मळमळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने धरून उभं केलं. उभी राहिले आणि रडायला आलं. दुखत होतं म्हणून नाही, मान आपोआप वर आली होती. नवऱ्याने विचारलं काय होतंय, मला सांगता येईना.

व्रणांबद्दल विचाराल म्हणून सांगते, ते आहेत. निपलभोवती, खाली उभा आणि घडीत आडवा, जहाजाच्या नांगरासारखे. डाव्या निपलला संवेदना अजून नाही, परत येईल किंवा नाहीही येणार, हे आधीच सांगितलं होतं. पुढे मूल झालं तर अंगावर पाजता येईल याची खात्री नाही, हेही. ज्यांना करायचंय त्यांनी हे दोन प्रश्न नीट विचारून, घरी बोलून मगच ठरवावं.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर वजनं आलीत. उजवा ६९० ग्रॅम, डावा ६२५. मी तो कागद स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि काट्यावर तेवढे तांदूळ तोलून दोन पिशव्यांत भरले. दोन्ही हातांत धरून आईला दिल्या. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘वीस वर्षं?’

बिल २ लाख १४ हजार ६००. क्लेम आज कुरियरने पाठवला, पोचपावती ठेवलीय.

सरळकणा
२९ सप्टेंबर २०२४

तांदळाच्या पिशव्यांचं मी माझ्या पेशंटना सांगणार आहे. सहा आठवडे सपोर्ट ब्रा दिवसरात्र, आणि हात खांद्याच्या वर नेणारी कामं नकोत. गाडीही नको.

रानजाई
२१ नोव्हेंबर २०२४

क्लेम नाकारला. या वेळी पत्र दीड पानाचं आहे, कमिटीने तपासलं असंही लिहिलंय. कारण तेच, ०८. ‘धोका तातडीचा असल्याचं दिसून येत नाही.’ २०२३ च्या ॲडमिशनबद्दल एक अक्षर नाही. दोन दिवस काही सुचलं नाही.

गोदाकाठ
२१ नोव्हेंबर २०२४

तुमच्या मुद्द्याला उत्तरच दिलेलं नाही, हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला दिसेल.

आता आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. त्यात हा एकच मुद्दा ठळक मांडा. आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाका, फोन करायचा तर १५५२५५. कंपनीने नकार दिला किंवा एक महिना उत्तरच दिलं नाही, की विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारे अधिकारी. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकिलाला उभं राहताच येत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, आणि ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. लोकपालांनी दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही, तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता उरतो. आपल्याकडे लोकपालांचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे.

मोगरा
२४ नोव्हेंबर २०२४

दुसरी बाजूही इथे असावी म्हणून लिहिते. मी लोकपालांकडे जाऊन हरले, गेल्या वर्षी. माझी शस्त्रक्रिया खरी गरजेची होती, आजही तसंच वाटतं. पण माझ्याकडे आधीचं काहीच नव्हतं. प्रमाणपत्र शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी घेतलेलं, फोटो नाहीत, फिजिओ केलीच नव्हती. पुरळ घरीच पावडर लावून काढलं. सुनावणीत मला विचारलं गेलं, ‘यासाठी याआधी डॉक्टरकडे कधी गेलात?’ आणि मला एकही तारीख सांगता आली नाही. पंधरा वर्षांचं दुखणं होतं आणि एक तारीख नव्हती.

हडपसरवाली
२५ नोव्हेंबर २०२४

मोगरा, लिहिलंस म्हणून आभार. हे वाचून मी काल डॉक्टरकडे गेले आणि पहिल्यांदा खरं कारण सांगितलं. बाई डॉक्टर होत्या तरी जीभ अडखळली. त्यांनी लिहून घेतलं.

ग्रुप पॉलिसी असलेल्यांसाठी माझ्याकडून एक. आमच्या कंपनीच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी वाट बघावी लागत नाही, पहिल्या दिवसापासून कव्हर आहे. एचआरकडून माहितीपत्रक नको, पूर्ण पॉलिसी वर्डिंग मागा. मला ती मिळवायला तीन ईमेल लागल्या. आणि खोलीच्या भाड्याची मर्यादा बघा. महागडी खोली घेतली तर बाकीच्या बिलातूनही त्या प्रमाणात कापतात.

रानजाई
६ जून २०२५

निकाल लागला.

डिसेंबर अखेरीस कंपनीने तक्रारही फेटाळली. जानेवारीत लोकपाल कार्यालयात अर्ज दिला. ऑनलाइनही होतं, पण मी केळकर रस्त्यावर जाऊन दिला, पावतीवर शिक्का बघितल्याशिवाय मला चैन पडली नसती. सुनावणी एप्रिलमध्ये व्हिडिओ कॉलवर झाली, पंधरा-वीस मिनिटं. कंपनीच्या प्रतिनिधीने कलमाचा पहिला भाग वाचून दाखवला. मी म्हणाले, पुढचं वाक्यही वाचा. मग मे २०२३ ची डिस्चार्ज समरी आणि त्याच कंपनीचं मंजुरीपत्र दाखवलं, त्यानंतर सर्जनचं शस्त्रक्रियेआधीच्या तारखेचं प्रमाणपत्र, त्यानंतर ६९० आणि ६२५. प्रतिनिधींना विचारलं गेलं की आधीच्या क्लेमचा विचार केला होता का. ते म्हणाले, तपासून सांगतो.

मे अखेरीस निवाडा आला, माझ्या बाजूने. काल खात्यात १ लाख ८९ हजार ४०० जमा झाले. हातमोजे, सपोर्ट ब्रा, नोंदणी फी अशा न मिळणाऱ्या गोष्टी कापल्या, ते मला मान्य आहे. कंपनीने तीस दिवसांत निवाडा पाळला नाही तर विमाधारकाला दिवसाला ५ हजार द्यावे लागतात, असं गोदाकाठताईंनी सांगितलं होतं. ती वेळ आली नाही.

गोदाकाठताई, सरळकणा, आजी, तुम्हाला भेटलेले नाही. पण त्या कॉलवर मी एकटी नव्हते.

चाफेकळी
६ जून २०२५

ऑफिसात बसून रडतेय. फाइल पुन्हा उघडते.

चिंचवडचा
७ जून २०२५

अभिनंदन. बहिणीची फिजिओ सुरू आहे, दहावा आठवडा. नोंदी मी स्वतः लावून ठेवतोय.

अनामिक आई
११ जून २०२५

मुलगी १९ वर्षांची आहे, फर्ग्युसनला. दोन वर्षांत फार वाढलंय. कॉलेजला जायचं टाळते, बॅग छातीशी धरून चालते. आमच्याकडे कसलीच पॉलिसी नाही. आता काढली तर चालेल का? हे लपवलं तर?

गोदाकाठ
११ जून २०२५

लपवू नका. प्रस्ताव अर्जात विचारलेलं खरं लिहा. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं, पूर्वी ४८ होते. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. लपवून सुरुवात केलीत तर ती टांगती तलवार तिच्या डोक्यावर राहील. आज काढा, खरं लिहा, वाट बघा. थांबायला जमणारच नाही इतका त्रास असेल तर ससूनला प्लास्टिक सर्जरी विभाग आहे, आधी तिथे दाखवा.

अनामिक आई
१२ जून २०२५

धन्यवाद. तिला डॉक्टरकडे न्यायचंय, पण ती तिथे बोलणार नाही. मला माहीत आहे, मीही बोलले नसते.

रानजाई
१२ जून २०२५

ताई, तिला बोलायला लावू नका. आदल्या रात्री दोघी बसून एका कागदावर लिहा. कधीपासून, कुठे दुखतं, पुरळ केव्हा येतं, काय काय करायचं सोडलं. तिच्या अक्षरात, तिच्या शब्दांत. आत गेल्यावर तिने तो कागद फक्त डॉक्टरांच्या हातात द्यायचा. आणि निघायच्या आधी केसपेपर उलटून बघा, त्यात ‘पाठदुखी’च्या पुढे कारण लिहिलंय का. नसेल तर तिथेच थांबून लिहून घ्या.

माझी जुनी वही मी ठेवलीय. तिला बघायची असेल तर रविवारी सिंहगड रोडला या, मी दुपारी घरी आहे.